नेब्युलायझर: वाफ, फवारा की तुषार?

एक लेख मराठीत आणतेय, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला कुठला नेब्युलायझर (द्रव औषधाचे बारीक थेंब करून श्वासातून देणारं यंत्र) चांगला यावर. जेट, अल्ट्रासॉनिक आणि व्हायब्रेटिंग मेश असे तीन प्रकार आहेत. सगळे 'वाफ देणं' म्हणतात, तेच लिहू का? आणि या तिघांना काय म्हणू?

— बोलताना वाफ चालते, लेखात नको. वाफ म्हणजे द्रवाचा वायू झाला, इथे औषध द्रवच राहतं, फक्त त्याचे बारीक थेंब होतात, साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, त्याहून मोठे असले की वाटेत नळीलाच चिकटतात. शिवाय वाफ म्हटलं की गरम वाटतं, आणि जेटमधलं औषध तर चालता चालता उलट गार होत जातं.

— तुषार लिहा. फवारा म्हटलं की थेंब मोठे वाटतात. बाकी लॅटिन नेब्युला म्हणजे धुकं किंवा ढग, आपल्या 'नभ'चा भाऊबंदच तो, पण म्हणून कुणी 'नभक' वगैरे पाडू नका प्लीज 😄

— आयसीयूत काम करतो म्हणून सांगतो, नाव काहीही ठेवा पण द्रव कशाने फुटतो ते त्यात दिसू दे, कारण व्हेंटिलेटरवर निम्मा फरक तिथेच पडतो. जेटला वेगळा गॅस लागतो, मिनिटाला ६ ते ८ लिटर, आणि तो व्हेंटिलेटरचा स्वतःचा नसून बाहेरच्या फ्लोमीटरवरून दिला तर सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांत, शिरून ठरवलेल्या टायडल व्हॉल्यूममध्ये (एका श्वासाला दिलेल्या हवेत) भर घालतो, पेशंटने स्वतः श्वास ओढायचा प्रयत्न केला तरी मशीनला कळेनासं होतं. अल्ट्रासॉनिकला गॅस नको, स्फटिकाच्या कंपनाने थेंब उडतात, पण औषध तापतं आणि ब्युडेसोनाइडसारखं सस्पेन्शन (औषधाचे कण न विरघळता तरंगतात असा द्रव) त्यात नीट उडत नाही. मेशमध्ये बारीक छिद्रांची चकती थरथरते आणि औषध त्यातून बाहेर पडतं, जास्तीचा गॅस नाही, सर्किट न उघडता वरून औषध घालता येतं. महाग आहे आणि छिद्रं बुजतात, तेही लिहा. मी म्हणेन वायुझोत, ध्वनिकंप आणि कंपजाळी.

— कंपजाळी मस्त! ध्वनिकंप नको, तो आवाज ऐकू येत नाही, श्राव्यातीत म्हणा.

— श्राव्यातीत कोण वाचणार? अल्ट्रासॉनिकच ठेवा, सोनोग्राफीमुळे लोकांना ओळखीचा आहे.

— प्रश्न विचारणारी: बरं, आणि 'रेसिड्युअल व्हॉल्यूम'? अवशिष्ट आकारमान लिहिलंय.

— बदला ते! फुप्फुसाचा रेसिड्युअल व्हॉल्यूम म्हणजे पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरलेली हवा, नेब्युलायझरचा म्हणजे त्याच्या औषधाच्या कपात तळाशी राहिलेलं औषध, आणि व्हेंटिलेटरच्या लेखात दोन्ही येऊ शकतात. सरळ 'कपात उरलेलं औषध' लिहा, जेटमध्ये ते १ मिलीच्या आसपास किंवा जास्तच असतं, मेशमध्ये फार थोडं.

— आयसीयूवाला परत: एचएमई फिल्टरला (सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा फिल्टर) आम्ही 'कृत्रिम नाक' म्हणतो, तो शब्द वापरा, आणि तो पेशंट आणि नेब्युलायझरच्या मध्ये असेल तर आधी काढायचा हेही येऊ दे, नाहीतर तुषार त्यातच अडकतात.

— अजून एक. मेशसाठी 'जास्त गुणकारी' लिहिलंयत तिथे 'जास्त कार्यक्षम' करा. औषध जास्त पोचतं हे प्रयोगशाळेतल्या मॉडेलवर मोजता येतं, पण त्यामुळे पेशंट व्हेंटिलेटरवरून लवकर निघतो असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि गुणकारी वाचलं की वाचणारा तेच समजणार.