बिबट्याने नेलं तर २५ लाख, वीज पडली तर ४?

गोदाकाठचा:
काल इथे एकाने लिहिलं, 'सरकारी मदतीत डावं-उजवं शोधणारे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात.' रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. मग घ्याच हिशेब. दिंडोरीत बिबट्याने माणूस मारला तर २५ लाख. त्याच शिवारात वीज पडून गेला तर ४ लाख. कर्जापायी जीव दिला तर १ लाख, तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. हा आकडा २००६ पासून तिथेच. २०२२ मध्ये नाशिकच्या मिरची चौकात बस पेटून १२ जण गेले, तेव्हा राज्याचे ५ लाख त्याच दिवशी जाहीर. कॅमेरे होते ना!

सिन्नरवाला:
बिबट्या मारायची मुभा आहे का तुम्हाला? नाही. मग ज्याचं जनावर त्याने भरून द्यावं. वीज कुणाच्या गोठ्यातली? उगाच सगळं एका तराजूत घालू नका.

गोदाकाठचा:
आणि २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून रुग्ण दगावले, ती टाकी कुणाच्या गोठ्यातली? महापालिकेचंच रुग्णालय. तिथे राज्याचे ५ लाखच का?

सिन्नरवाला:
बरं बाबा, हा एक मुद्दा तुमचा. पेढे वाटा.

निफाडची लेक:
आकड्यांवर भांडताय, पण पैसे पडतात कुणाच्या हातात? माझा चुलतभाऊ कांदा झाकायला गेला आणि विजेने गेला. वहिनीच्या आधारवर नावातली वेलांटी पहिली, रेशनकार्डावर दुसरी. तेवढ्यासाठी तहसीलला सात चकरा, कडेवर पोर. पैसे आले त्या आठवड्यात दिराने बोअर मारला. पाणीही लागलं नाही.

सिन्नरवाला:
म्हणूनच आत्महत्येच्या १ लाखातले ७० हजार ठेवीत टाकतात.

पंचवटी ७२:
दुसरी बाजूही ऐका. माझा भाऊ अपघातात गेला. सगळी रक्कम वहिनीच्या खात्यात, वर्षाच्या आत तिचं दुसरं लग्न. आमच्या आईने काय हार घातलेल्या फोटोकडे बघत बसायचं? वारसा कायद्यात आई बायकोच्या बरोबरीची वारस आहे.

निफाडची लेक:
मग त्या पोरीने जन्मभर तुमच्याकडे भांडी घासायची का?

पंचवटी ७२:
ताई, तोंड सांभाळा. तिचं लग्न मीच लावून दिलं. मंडपाचा खर्चही माझा.

निफाडची लेक:
असं होय. मग भांड्यांचं मागे घेते. पण खर्च काढून दाखवलातच ना.

गोदाकाठचा:
अहो, धागा ४ आणि २५ चा होता!

पंचवटी ७२:
तुम्ही थांबा हो जरा. ताई, आईच्या नावे निम्मे का नकोत ते सांगा.

निफाडची लेक:
पोरं नसतील तर निम्मे घ्या. पोरं असतील तर आधी पोरांच्या नावे ठेव. यापुढे मी एक रुपया सोडणार नाही.

सिन्नरवाला:
त्या वेलांटीचं काय झालं शेवटी?

निफाडची लेक:
प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यात टायपिस्टने आडनाव चुकवलं. आठवी चकर.