अनुभव धागा : चिनीभाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द शिकवताना

धागाकर्ती, शांघाय :
काल एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला की, आता तीच लहान मुलांना इंग्रजी शिकवते आणि 'ओपन' या शब्दापाशी अडली आहे. मंदारिनमधील 'खाइ' हे क्रियापद दार उघडण्यासाठी वापरतात तसेच दिवा लावण्यासाठीही. मोटार चालवणे, बैठक भरवणे, फूल उमलणे, हे सारे त्याच्याच आधाराने सांगितले जाते. त्यामुळे 'खाइ म्हणजे ओपन' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी 'ओपन द लाइट' असे पूर्ण विश्वासाने म्हणतो. सुट्ट्या शब्दाला सुटा अर्थ देण्याची पद्धतच मला घातक वाटते. मी शब्द त्याच्या सोबत्यांसह देते : दार, पुस्तक आणि बँकेतले खाते यांना 'ओपन', दिवा आणि नळ यांना 'टर्न ऑन', मोटारीला 'ड्राइव्ह', बैठकीला 'होल्ड'. आपणही अनुभव लिहावेत.

सिंगापूरहून :
'क्वान', म्हणजे बंद करणे, याचेही तसेच आहे. मात्र खरी अडचण दुकानाच्या पाटीवर येते. दुकान उघडे असेल तर 'ओपन', पण बंद असेल तर 'क्लोज्ड'. चिनी क्रियापदाचे रूप बदलत नाही, म्हणून 'द शॉप इज क्लोज' हे वाक्य वहीत वारंवार दिसते. ही विसंगती इंग्रजीची आहे. तिच्यासाठी मुलांचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

नाशिकहून, ऑनलाइन शिकवणी :
बाळ उठले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. 'अंकल' शिकवताना विद्यार्थिनीने विचारले, "कोणते?" वडिलांचा थोरला भाऊ पोपो, धाकटा शूशू आणि आईचा भाऊ च्यूच्यू. मराठीतही काका आणि मामा वेगळे असतात हे सांगितल्यावर तिला फार आनंद झाला.

तैपेईहून :
माझ्याकडे 'बॉरो' आणि 'लेंड' यांचा गोंधळ कायम असतो, कारण 'च्ये' या एकाच क्रियापदात उसने घेणे आणि देणे दोन्ही येतात; दिशा वाक्यातील इतर शब्द सांगतात. मुलांना एकमेकांकडून पेन मागायला लावले की फरक लवकर कळतो.

धागाकर्ती :
पाटीचे उदाहरण आजच तिला पाठवते. सोबत 'खाइ श्वेइ'बद्दलही लिहीन, कारण ते उकळलेले पाणी असते आणि परदेशी उपाहारगृहात 'ओपन वॉटर' मागितल्यास ते मिळणार नाही. तिथे 'हॉट वॉटर' म्हणावे.