मॅन्डोलिनचा रियाज: पलटे घोकायचे की स्वतःचे रचायचे?

फोंड्याचा तंतकार:
मत मांडतो, मग तुटून पडा. मॅन्डोलिन शिकणाऱ्यानं सरावाचे तुकडे स्वतःच रचावेत, तेही सुरुवातीपासून. आपल्याकडे वाद्य हातात आलं की 'सारेग, रेगम' असे ठरलेले पलटे सुरू. गळ्याला, पेटीला ठीक. पण मॅन्डोलिनच्या चार जोडतारा जी-डी-ए-ई. जाड तार सा धरली की पुढची आपसूक प. म्हणून बिलावलात सा रे ग म ला बोटं पडतात तशीच प ध नी सां ला. हात लगेच बसतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं जमलं! खरी अडचण नखीची, म्हणजे तार छेडायच्या पातळ तुकड्याची. दुलपद हे आपलं गोव्याचं जलद नाचगाणं. त्याची चाल सहा-आठची, म्हणजे तीन-तीन मात्रांचे दोन ठोके. नखी नुसती खाली-वर, खाली-वर चालवली तर दुसरा ठोका वर येताना पडतो आणि झोक मरतो. तिथे खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली हवं. हे कुठल्या पलट्यात आहे? मी अडलेली जागा तेवढी कापून काढतो, उलटी वाजवतो, शेजारच्या तारेवर नेतो.

म्हापसेकर:
पात्रांव, नवशिक्याला आपण कुठे अडतो ते कळलं असतं तर गुरू कशाला लागला असता? आणि घरगुती सरावात करंगळी कधीच येत नाही, तपासून बघा. सातव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) स्वर पुढची तार मोकळी छेडली तरी मिळतो. मग करंगळीला कष्ट कोण देणार? माणूस स्वतःला जमेल तेच रचतो.

मडगावची सुरावट:
मलाही हेच वाटतं. व्हायोलिनची तारजुळणी हीच. गोव्यात पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेज (पाश्चात्य स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, घराघरांत जुन्या वह्या पडून आहेत. त्या सोडून नवं कशाला?

फोंड्याचा तंतकार:
ताई, व्हायोलिनला गज आहे. लांब स्वर आपल्याला ट्रेमोलोनं, नखी झरझर फिरवून टिकवावा लागतो. मांडो घ्या, आपलं संथ कोंकणी गाणं. दोन आवाज तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतरानं बरोबर चालतात. ते दोन्ही स्वर शेजारच्या तारांवर एकदम धरून संथ सहा-चारच्या तालात ट्रेमोलो करा. मनगट दुखेल, पण मांडो हातात येईल. वहीत हे नाही. मॅन्डोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी तर कर्नाटक संगीतासाठी जोडतारा सोडून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मॅन्डोलिन घेतलं.

म्हापसेकर:
श्रीनिवासांचं नाव घेऊन आपला आळस झाकू नका. त्यांच्या डोक्यावर गुरू होते.

मडगावची सुरावट:
मांडोचं मात्र पटलं. आज करून बघते. वही टाकणार नाही हं!

फोंड्याचा तंतकार:
करंगळीचं मान्य. त्यावर उपाय सोपा: रचतानाच मोकळी तार वर्ज्य धरायची.

म्हापसेकर:
म्हणजे सूट न देणारा धडाच झाला की! तो वर्ज्यचा नियम चतुर्थीपर्यंत टिकला तर कळवा.