०.५६ टेराहर्ट्झची रेषा: लॅक्टोज की पावसाळा?

प्रश्न
बेळगावात लॅबमध्ये टेराहर्ट्झ टाइम-डोमेन स्पेक्ट्रोमीटरवर (पदार्थ कोणत्या वारंवारता शोषतो ते टेराहर्ट्झ लहरींच्या स्पंदनानं मोजणारं यंत्र) लेबल नसलेली पांढरी पावडर तपासतोय. १५ मिग्रॅ पावडर, १३५ मिग्रॅ पॉलिएथिलीन, १३ मिमी डाय (दाबायचा साचा), गोळी १.२ मिमी जाड. स्कॅन ३० पिकोसेकंद. रिकाम्या बीमचा रेफरन्स (सॅम्पलशिवायचं, तुलनेचं मोजमाप) सकाळी, सॅम्पल दुपारी. ०.५६, ०.७५, ०.९९, १.१० टेराहर्ट्झला शोषण दिसतं, शिवाय सगळीकडे लाटा. लायब्ररीत (ओळखीच्या पदार्थांच्या रेषांच्या संग्रहात) लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, ०.५३ ला आहे. तेच धरू का?

उत्तर १
धरू नका. ०.५५७, ०.७५२, ०.९८८, १.०९७ या हवेतल्या वाफेच्या रेषा. जुलैत बेळगावात सकाळ-दुपारची आर्द्रता सारखी राहील कशी? स्पेक्ट्रोमीटरच्या पेटीत कोरडा नायट्रोजन सोडा, आर्द्रता २ टक्क्यांखाली आणा आणि रेफरन्स-सॅम्पल लागोपाठ घ्या. झाकण उघडलं की पुन्हा आर्द्रतेचा आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. इथंच सगळे घाई करतात. खात्रीसाठी रिकाम्या बीमचे दोन स्कॅन एकमेकांशी ताडा. रेषा उरल्या तर त्या हवेच्याच.

खरी गोम पुढे आहे. ०.५३ आणि ०.५५७ मध्ये अंतर २७ गिगाहर्ट्झ, तुमच्या ३० पिकोसेकंदांच्या स्कॅनचं रिझोल्यूशन (जवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसायला लागणारं किमान अंतर) ३३. दोन्ही असल्या तरी एकच दिसणार. स्कॅन १०० पिकोसेकंद करा, म्हणजे डिले स्टेज (आरसा सरकवून वेळेतला फरक पाडणारा सरकता भाग) १५ मिमी सरकली पाहिजे. स्कॅनच्या शेवटी नुसती शून्यं जोडून आलेख गुळगुळीत होतो, रिझोल्यूशन वाढत नाही.

उत्तर २
लाटा गोळीच्या आतल्या परावर्तनाच्या. १.२ मिमीला प्रतिध्वनी १२ पिकोसेकंदांनी येतो, लाट दर ८३ गिगाहर्ट्झला. तो प्रतिध्वनी टाळायला स्कॅन त्याआधीच कापला तर रिझोल्यूशन जातं. म्हणून ४० मिग्रॅ पावडर अधिक ३६० मिग्रॅ पॉलिएथिलीनची, साधारण ३.२ मिमी गोळी करा, आणि रेफरन्सला तेवढ्याच जाडीची निव्वळ पॉलिएथिलीनची. लाट बरीचशी कटते. गोळीसाठी केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) नको, इथं ते स्वतःच शोषतं. पावडर हलक्या हातानं ५० मायक्रॉनखाली घोटा. भरड राहिली तर विखुरण्यामुळं बेसलाइन (रेषांखालची पायाची पातळी) उजवीकडं चढत जाते.

प्रश्नकर्ता
ताडून बघायला दुकानातली दूध पावडर लावली. नायट्रोजनमध्ये तिला ०.५३ ला काहीच नाही?

उत्तर १
नसणारच. स्प्रे-ड्राय पावडरीत लॅक्टोज बहुतेक अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) असतं, आणि रेषा स्फटिकाची असते. मैदा, स्टार्चचंही तेच: नुसता चढ. ताडायला अल्फा-लॅक्टोज मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं लॅक्टोज) आणा. तुमच्या पावडरीत ०.५३ सोबत १.३७ ही दिसली तरच लॅक्टोज म्हणा.

उत्तर २
आणि सुकवायचं म्हणून ओव्हन १५० अंशांवर ठेवू नका. स्फटिकातलं पाणी गेलं की ०.५३ पण गेली.