नव्या कार डिटेलिंगची जाहिरात कशी केली? खानदेशातले अनुभव सांगा

गिरणाथडी :
काल जळगावात अजिंठा चौफुलीकडून येताना एका नव्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने स्वच्छ करून चकाकवण्याच्या, दुकानाचे उद्घाटन दिसले. फुग्यांची कमान होती, ध्वनिक्षेपक होता आणि ‘आज धुलाई मोफत’ असा फलक होता. ते पाहून आम्ही दोघा भावांनी हाच व्यवसाय सुरू केला ते दिवस आठवले, म्हणून हा धागा काढतो आहे.

आम्ही दसऱ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत घालून पत्रके वाटली होती. ती वाचून आलेल्यांपैकी बहुतेकांना खंडेनवमीच्या पूजेपुरती गाडी धुऊन हवी होती, आणि ‘गाडी धोवाना इतला पैसा?’ हा प्रश्न विचारून अर्धे जण पलीकडच्या वॉशिंग सेंटरवर निघून गेले. खरे काम सुरू झाले ते दसऱ्यानंतर. पूजेचे ओले कुंकू पांढऱ्या बॉनेटवर उन्हात वाळले की त्याचा लालसर डाग राहतो, हाराची तार वाऱ्याने घासून ओरखडे उठतात, आणि घाईने कोरड्या फडक्याने पुसले तर ते आणखी वाढतात. भावाने आलेल्या प्रत्येकाचा, परत गेलेल्यांचाही, दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना एकच संदेश पाठवला की, डाग घासू नका, आधी भरपूर पाण्याने भिजवा आणि तरीही राहिला तर घेऊन या. फुकटचा सल्ला मिळालेली माणसेच पुढे पैसे देऊन आली.

तुमच्याकडे पैसे मोजणारे पहिले गिऱ्हाईक कशामुळे आले, ते लिहा.

पांझराकाठ :
धुळ्यात आम्ही जवळजवळ सगळी जाहिरात अर्ध्या बॉनेटवर केली. देवपुरातल्या एखाद्या सोसायटीत रविवारी सकाळी परवानगी घेऊन जायचे, काळी किंवा गडद निळी गाडी निवडायची, बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावायची आणि एकाच बाजूला पॉलिश करायचे. टेप काढून उन्हात उभे केले की न केलेल्या बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात आणि केलेल्या बाजूत समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मग वेगळे काही बोलावे लागत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हा प्रयोग करू नये, कारण त्या रंगांवर फरक लांबून कळत नाही आणि जमलेली मंडळी हसत घरी जातात.

मात्र त्याआधी रंगाची जाडी मोजायलाच हवी. कारखान्यातून आलेला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर त्याहून पुष्कळ पातळ असतो. आमच्या मीटरने एकदा एका गाडीच्या दारावर दुपटीहून जास्त आकडा दाखवला, म्हणजे दार पूर्वी ठोकून रंगवलेले होते. मालकाने ती गाडी ‘विनाअपघात’ म्हणून मेहुण्याकडून घेतली होती, आणि मेहुणा तिथेच चहा पीत उभा होता.

भादलीकर :
मेहुण्याचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये.

पांझराकाठ :
भादलीकर, तो आता आमचे नियमित गिऱ्हाईक आहे. त्याची गाडी मात्र आम्ही सोसायटीच्या आवारात मोजत नाही.

केळीवाला :
मी व्यावसायिक नाही, गिऱ्हाईक आहे. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या चिकाचा डाग काय असतो हे सांगायला नको. कापणीच्या दिवसांत शेतातून आलेला माणूस सीटवर बसला की चीक लागतो, सुरुवातीला दिसतही नाही आणि मग काळा पडतो. फैजपूरच्या वाटेवर एका मुलाने नवीन दुकान टाकले, त्याने ना चकाकणाऱ्या विदेशी गाड्यांची चित्रे लावली ना सवलत दिली. आमच्याच भागातल्या एका गाडीची चिकाने काळी झालेली सीट आणि स्वच्छ केल्यावर तिथे उरलेली फिकट छटा, असे दोन फोटो त्याने व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवले आणि खाली स्पष्ट लिहिले की, जुना डाग पूर्ण जात नाही. हे शेवटचे वाक्य वाचून मी गेलो. पूर्ण जातो असे लिहिले असते तर मी त्याला खोटारडा समजलो असतो, कारण चीक लागलेले एकही धोतर आजवर माझ्या आईला पूर्ण स्वच्छ करता आलेले नाही.

मेहरूणची ताई :
आमच्या दुकानाचे हिशेब आणि ऑनलाइन काम मी पाहते, म्हणून दोन गोष्टी लिहिते. गूगलवरची नोंद पहिल्याच दिवशी करावी, आणि फोटो स्वतःच्या जागेचे असावेत, कंपनीच्या माहितीपत्रकातले नकोत. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. तसे गोळा केलेले अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. आम्ही गाडी देताना फक्त दुवा पाठवतो, आणि एखाद्याने तक्रार लिहिली तर तिला त्याच दिवशी उत्तर देतो. तक्रारीखालचे शांत उत्तर वाचून आलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे; नुसती पाच ताऱ्यांची रांग पाहून लोक उलट साशंक होतात.

दुसरी गोष्ट सर्व दादांसाठी आहे. चारचाकी चालवणाऱ्या बायका जळगावात पुष्कळ आहेत, पण दुकानाबाहेर चार माणसे टायरवर बसून गप्पा मारत असतील तर त्या गाडी वळवून निघून जातात. आम्ही बसायला स्वच्छ जागा केली, गाडी घरून नेऊन परत पोहोचवण्याची सोय केली आणि तसे फलकावर लिहिले. महिला महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकाबाई एकदा आल्या आणि पुढे त्यांच्या ओळखीतल्या अनेकजणी आल्या.

वाघूरवासी :
ताई, घरून गाडी नेताना काही झाले तर भरपाई कोण देते? प्रश्न खोचकपणे विचारत नाही, आम्हालाही ही सोय सुरू करायची आहे.

मेहरूणची ताई :
नेण्यापूर्वी मालकांसमोर चारही बाजूंचे चित्रण करतो, किलोमीटरचा आकडा लिहून घेतो आणि चालक एकच ठेवला आहे. आमच्या विमा प्रतिनिधीशी बोलून वेगळे संरक्षणही घेतले आहे. तुम्हीही आधी ते करा, फलक नंतर रंगवा.

जुना शोरूमवाला :
मी काही वर्षे एका शोरूममध्ये होतो (नाव लिहीत नाही). तिथे नवी गाडी देतानाच कोटिंगचे (रंगावर लावायच्या संरक्षक थराचे) पॅकेज गळ्यात मारले जाते, त्यामुळे नव्या गाडीच्या मालकामागे धावण्यात नव्या दुकानाचा वेळ जातो. जुन्या गाड्यांचे व्यापारी हे पहिले गिऱ्हाईक म्हणून बरे, कारण त्यांना दर आठवड्याला काम असते. पण त्यांना डॅशबोर्डवर तेलकट चमक आणि टायर काळे कुळकुळीत, एवढेच स्वस्तात हवे असते. त्यांचे काम पोटापुरते करावे आणि त्याचे फोटो जाहिरातीत वापरू नयेत. ती चमक पंधरवड्यात उतरते आणि नाव तुमचे खराब होते.

तापीपल्याड :
कोटिंगच्या जाहिरातीत ‘नाइन एच’ लिहिलेल्या फलकांबद्दल कोणी तरी बोलायलाच हवे होते, म्हणून मी बोलतो. तो आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. त्याचा अर्थ गाडीवर दगड उडाला तर खड्डा पडणार नाही असा होत नाही. सुरत-नागपूर महामार्गावर डंपरच्या मागे चालणाऱ्या गाडीला दगडापासून वाचवायचे असेल तर पीपीएफचा जाड पारदर्शक पापुद्रा लागतो, आणि त्याचा खर्च कोटिंगच्या कितीतरी पट असतो. कोटिंगने पाणी टिकत नाही, धुणे सोपे होते, उन्हाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा त्रास कमी होतो. एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, आणि ‘आयुष्यभराची हमी’ असे छापणाऱ्या बांधवांनी ती एकदा वाचावी. आयुष्य कोणाचे, गाडीचे की दुकानाचे?

भादलीकर :
आमच्या गल्लीतल्या दुकानाचे आयुष्य पोळ्यापासून दिवाळीपर्यंत होते, हमीसकट.

वाघूरवासी :
उन्हाळ्याचा मुद्दा राहिला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू आणि बोअरचे जड पाणी लगेच वाळून पांढरे क्षारांचे ठिपके बसतात, आणि कोटिंग पसरायच्या आतच सुकून पट्टे पडतात. आम्ही फलकावरच लिहिले की, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ कोटिंग लावले जाणार नाही. शेजारच्या दुकानदाराने वेड्यात काढले. परंतु भुसावळचे एक निवृत्त रेल्वे इंजिनचालक केवळ ती ओळ वाचून आत आले आणि कारण विचारले. कारण पटल्यावर त्यांनी स्वतःची गाडी दिली आणि त्यांच्या वसाहतीत आमची जी जाहिरात केली, ती पैसे देऊन मिळाली नसती. औष्णिक केंद्राकडच्या गावांतून येणाऱ्यांनाही आम्ही राख कोरड्या कापडाने पुसू नका, असे सांगतो. ती बारीक असली तरी पॉलिश पेपरचे काम करते.

शहादेकर :
सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराजवळ आम्ही टेबल मांडले होते. नंदुरबार, शिरपूर, अगदी गुजरातेतूनही मोठ्या गाड्या येतात, म्हणून आशा होती. तिथे एकही नोंदणी झाली नाही. सगळ्यांचे लक्ष घोड्यांवर होते आणि ते योग्यच होते. आम्ही पत्रकांऐवजी धुळीसाठी मायक्रोफायबरची लहान फडकी, कोपऱ्यावर दुकानाचे नाव शिवून, वाटली. लग्नसराईत फोन येऊ लागले तेव्हा बहुतेकांनी ‘तुमचे फडके गाडीत आहे’ असेच सांगितले. वरातीच्या फुलांची चिकटपट्टी काढण्याचे काम तेव्हा भरपूर होते.

चोपड्याचा नवखा :
मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चोपड्यात दुकान सुरू करतो आहे. सर्वांना विचारतो की, उद्घाटनाला मोफत धुलाई ठेवावी की नाही?

गिरणाथडी :
भाऊ, मोफत धुलाई ठेवू नका. त्या दिवशी गर्दी होईल, पाणी संपेल आणि घाईत कोणाच्या तरी गाडीवर ओरखडा उठेल. त्याऐवजी मोफत तपासणी ठेवा. प्रकाशात गाडी दाखवा, रंगाची जाडी मोजा, काय करायला हवे आणि काय नको हे कागदावर दरासह लिहून द्या. ‘तुमच्या गाडीला सध्या फक्त नीट धुण्याची गरज आहे’ असेही काहींना लिहून द्यावे लागेल, ते जरूर द्या. आणि आखाजी भर उन्हाळ्यात येते, तेव्हा मंडपाआधी पक्के छप्पर उभारा.

चोपड्याचा नवखा :
छप्पर झाले आहे. मीटर आजच मागवतो.

भादलीकर :
मीटर आल्यावर मेहुण्याला बोलावू नका.