बाल्कनीतली सिगारेट : सांगावं का डेस्कवर? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

ताई: सगळ्यांना नमस्कार. काल मलेशियातल्या पिनांगवरून आमची क्रूझ बोट सुटली. फोटो जात नाहीयेत, वायफाय फक्त मेसेजपुरतं घेतलंय, फार महाग आहे. एक विचारायचं होतं. शेजारच्या खोलीतले दोघं रात्री बाल्कनीत सिगारेट ओढतात. खोलीत आणि बाल्कनीत ओढायला मनाई आहे, तशी सूचना खोलीत लावलेली आहे. ओढणाऱ्यांसाठी वरच्या डेकवर वेगळी जागा आहे. दोन बाल्कन्यांच्या मधात नुसती फळी, वर-खाली फट. सगळा धूर आमच्याकडे. माईला दमा, ती संध्याकाळी दारच उघडू देत नाही. खाली डेस्कवर सांगायचं का? बाबा म्हणतात जाऊ दे.

मोठेबाबा: तुहे बाबा बरोबर म्हनते. चार रोजाची गोठ हाये. कायले कोनाशी वैर घेता.

आत्या (पुसद): बाल्कनीचे पैसे येगळे भरले न बाई? माई समुद्र पाह्याले गेली का काच पाह्याले?

मोठी आई: माय व. तिले वाफारा द्या. ओवा नेला का सोबत?

ताई: नेला मोठी आई. पंप पण आहे जवळ.

मामा (वणी): सुप्रभात. जय गजानन. तुरीचा आजचा भाव कोनाले माहीत हाये का?

मोठेबाबा: जय गजानन. पाहा, खुद्द महाराज चिलीम ओढत होते. ओढनारा मानूस काही वाईट नसते.

आत्या (पुसद): भाऊ, महाराजायले यात आनू नका.

जावईबापू: मी बोलू का? मी स्वतः ओढतो, हे सासूबाई सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मोठी आई: सासूबाईलेही माहीत हाये जावईबापू.

जावईबापू: असो. ओढणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. रात्री अकरा वाजता कपडे घालून लिफ्टनं वरच्या डेकवर जाणं जिवावर येतं. बाल्कनी हाताशी असते, समोर काळा समुद्र, वाटतं आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारी धूर जातो हे खरंच लक्षात येत नाही. ताई, आधी दार वाजवून नीट सांगा. डेस्कवर गेलात की सरळ दंड.

मोठेबाबा: हेच म्हनून रायलो मी. आधी मानसानं मानसाशी बोलाव. तक्रार म्हंजे चुगली. आपल्याकडे धुऱ्यावरचं, म्हंजे वावराच्या बांधावरचं, भांडन पोलीस पाटलाकडे गेलं का दोन पिढ्या बोलनं बंद रायते.

वहिनी (नागपूर): धुरा आयुष्यभराचा असतो मोठेबाबा. हे लोक परवा सिंगापूरला उतरले की परत तोंड दिसणार नाही. मी असते तर पहिल्याच रात्री फोन लावला असता.

बंडूकाका: ताई, मले येक सांग. ते थोटकं कुठी टाकतेत?

ताई: कठड्यावरून खाली, समुद्रात. एकदा पाहिलं मी. का?

बंडूकाका: वारा किती हाये?

ताई: खूप. बाबांचा पंचा खुर्चीला बांधून वाळवावा लागतो.

बंडूकाका: पंचा पाह्य बरं. नीट झटकून पाह्य.

मामा (वणी): काय पंचा पंचा लावलं बंडू. तुरीचं सांगा न कोनी.

ताई: काका... पंच्याला वाटाण्याएवढं भोक आहे. कडा काळ्या. काल बाबा म्हणाले जुनाच असेल, मी पण लक्ष दिलं नाही.

आत्या (पुसद): बापा रे.

बंडूकाका: झालं मंग. मी सिजनभर कापसाच्या जिनिंगमधे असतो म्हनून ईचारलं. आमच्या गेटवर वाचमन बिडी-माचिस काढून घेते. गाडीवाल्याची, हमालाची, शेठचे पाहुने आले त्यायचीही. कोनी रागावत नाई. कापसातली आग वरून दिसतच नाई. इस्तो आत जाते अन् आतल्या आत धुमसत रायते. वरून हात लावसान तं थंड. गठान बांधून गोदामात गेली अन् कितीक रोजानं पेटली, असंही होते. येकदा रेच्यात, सरकी काढाच्या मशिनीत, गोटा आला, ठिनगी उडाली, रुईच्या ढिगापर्यंत गेली. आमी पान्याचे पाईप मारून मारून थकलो, आग इझली म्हनून जेवाले बसलो, तं दुसऱ्या बाजूनं धूर. तवा जिनिंगमधे कोनी बिडी ओढतानी दिसला तं मी त्याले समजावत नाई बसत. सरळ म्यानेजरले सांगतो. त्याले मी चुगली म्हनत नाई. धुराची गोठ येगळी अन् इस्त्याची गोठ येगळी. धूर दोघाइतला हाये, तो दोघं मिटवतीन. इस्तो साऱ्याइचा हाये.

मोठेबाबा: तुहं जिनिंग अन् ते लोखंडाची बोट. लोखंड कसं जळन बे?

पिंट्या (बोटीवाला): मोठेबाबा, लोखंड जळत नाही, त्याच्यावर ठेवलेलं सगळं जळतं. आता मी सांगतो, माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. २००६ च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस नावाची मोठी क्रूझ बोट कॅरिबियन समुद्रात जमैकाकडे चालली होती. २३ तारखेला पहाटे तीनच्या सुमारास एका बाल्कनीत आग लागली. सगळे झोपेत. बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबलं प्लास्टिकची, मधल्या फळ्या पॉलिकार्बोनेटच्या, जमिनीवर प्लास्टिकच्या फरशा. हलत्या बोटीचा वारा. दहाएक मिनिटांत आग बाल्कनी-बाल्कनी करत वरच्या मजल्यांवर आणि बाजूला पसरली. विझवायला दीड तास लागला. धुरानं एक प्रवासी गेला. ७९ खोल्या पार निकामी झाल्या, आणखी दोनशेवर खोल्यांचं आगीनं, धुरानं, पाण्यानं नुकसान. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं चौकशी केली. सगळ्यात शक्यतेचं कारण काय निघालं? टाकून दिलेलं सिगारेटचं थोटूक.

मोठी आई: अरे देवा.

वहिनी (नागपूर): म्हणजे आगीची सगळी व्यवस्था बोटीच्या आत, आणि बाल्कनी तशीच?

पिंट्या (बोटीवाला): बरोबर वहिनी. खोलीत धूर ओळखणारं यंत्र, पाण्याचे फवारे, आगीत टिकणारे दरवाजे. बाल्कनी म्हणजे बाहेरची जागा, तिथं कुणी एवढा विचारच केला नव्हता. या आगीनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले, २००८ च्या जुलैपासून लागू झाले. बाल्कनीतलं सामान सहज पेट न घेणारं पाहिजे, नाहीतर तिथंही आग ओळखायची आणि विझवायची सोय पाहिजे. त्यामुळं ताईची बोट आज तेवढी धोक्याची नाही, उगाच घाबरू नका. पण पंचा, उशी, माईचं लुगडं हे काही नियमात बसत नाही. लोक बाल्कनीत काहीही वाळत घालतात.

आणि समुद्रात फायर ब्रिगेड येत नाही. दारव्ह्यात आग लागली तर यवतमाळहून बंब मागवता येतो. इथं बोटीवरचे खलाशीच बंबवाले. आम्हाला सगळ्यांना आग विझवायचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं, त्याशिवाय बोटीवर चढता येत नाही. मी तेलाच्या टँकर बोटीवर आहे. आमच्या डेकवर माचिस तर सोडाच, साधा मोबाईलही नेता येत नाही.

मोठेबाबा: अन् खर्रा?

पिंट्या (बोटीवाला): खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीच, ती पेटत नाही मोठेबाबा. पण तुम्ही सिंगापूरला गेलात तर विमानतळावरच काढून घेतील. गुटखा, खैनी, जर्दा सगळं तिथं २०१६ पासून बंद आहे. सिगारेटचं एक पाकीट नेलं तरी त्याच्यावर कर भरावा लागतो.

मोठेबाबा: मंग मी कायले जातो तिथं.

जावईबापू: पंच्याचं वाचून मी माझं मत बदलतो. थोटूक बाल्कनीतून खाली टाकणारा नुसता आळशी नाही. ॲश-ट्रे नसेल तर बाटलीत पाणी घेऊन त्यात विझवता येतं, एवढी अक्कल ओढणाऱ्याला असायला पाहिजे.

आत्या (पुसद): दंड किती रायते पिंट्या?

पिंट्या (बोटीवाला): कंपनी-कंपनीवर आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये खोलीत किंवा बाल्कनीत ओढलं तर २५० डॉलर बिलात लागतात, कार्निव्हलमध्ये ५००. काही कंपन्या पुढच्या बंदरावर उतरवूनही देऊ शकतात. ताईच्या बोटीचं तिनं खोलीतल्या पुस्तकात पाहावं.

बंडूकाका: २५० डॉलर म्हंजे वीस हजारावर. तीन क्विंटल कापूस गेला न बाप्पा.

मोठेबाबा: म्हनून म्हनतो, येका सिगारेटपायी कोनाचा तीन क्विंटल कापूस काहून घालवता? आपल्या एस्टी स्टँडवर पाटी हाये, दोनशे रुपये दंडाची. कोनी भरला का आजवर?

वहिनी (नागपूर): म्हणूनच तिथं सगळे ओढतात.

ताई: अजून एक अडचण आहे. ते अकोल्याचे आहेत. टूरमधले नाहीत, स्वतःचे आले आहेत. जेवणाच्या टेबलावर ओळख झाली. बाबांना चिवडा दिला त्यांनी, घरचा. त्यातल्या मोठ्यांनी माईला जिना उतरताना हात पण दिला. त्यामुळं बाबांचा जीव खालीवर होतोय. म्हणतात, चिवडा खाल्ला आणि तक्रार करायची?

मोठेबाबा: अकोल्याचे? आडनाव काय?

आत्या (पुसद): भाऊ.

मोठेबाबा: ईचाराले काय जाते? सोयरे निघाले तं मी फोन लावतो.

ताई: आडनाव मी सांगत नाही मोठेबाबा. तुम्ही खरंच फोन लावाल.

वहिनी (नागपूर): चिवड्याचा आणि थोटकाचा काय संबंध? चांगली माणसंही रात्री कंटाळा करतात.

जावईबापू: माझं अजूनही म्हणणं आहे, ओळख आहे तर सकाळी नाश्त्याला बाबांनी हळूच सांगावं.

पिंट्या (बोटीवाला): धुरापुरतं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. रात्री मात्र दार वाजवायला अजिबात जायचं नाही. लोक घेतलेले असतात, शब्दानं शब्द वाढतो, आणि बोटीवर सोडवायला गाव गोळा होत नाही. ते काम तिथल्या सिक्युरिटीचं आहे, त्याचाच पगार घेतात ते. ताई, खोलीतल्या फोनवरून डेस्कला लाव. दोन गोष्टी वेगवेगळ्या सांग. धूर येतो, घरात दम्याचं माणूस आहे. आणि जळतं थोटूक आमच्या बाल्कनीत पडलं, पंचा जळला. 'शेजारी ओढतात' एवढंच सांगितलंस तर यादीत नाव लिहून ठेवतील. 'जळतं थोटूक पडलं' म्हटलंस की माणूस येईल. पंचा टाकू नको, दाखव. आणि तो बाल्कनीतून आत घे आधी.

मोठी आई: पंचा नवा घ्या म्हना बाबाले. सिंगापुरात भेटते का?

बंडूकाका: अन् मोठेबाबा, दंड आपन नाई लावत. आपन इस्तो पडला इतकं सांगतो. लावाचा का सोडाचा ते कप्तान पाहीन.

मोठेबाबा: तुमी सारे येकीकडे झाले तं करा. माह्यं मत कायम हाये. चिवडा खाल्ला त्या मानसाले तोंडावर सांगाव.

मामा (वणी): मी बी मोठेबाबाच्या बाजूनं. तुरीचं कोनीच नाई सांगत.

*(दुसऱ्या दिवशी)*

ताई: केला फोन. बाईनं मजला, खोली, आत्ता धूर आहे का, आणि पंचा कुठल्या कोपऱ्यात होता ते विचारलं. तक्रार कुणी केली हे आम्ही कळवत नाही, असं स्वतःहून म्हणाली. पंधरा-वीस मिनिटांत सिक्युरिटीचे दोघं आले, पंचा पाहिला, बाल्कनीचा फोटो काढला, कठड्यावरून वाकून वर-खाली बॅटरी मारली.

आत्या (पुसद): अन् अकोलेवाले?

ताई: त्यांना समज दिली. दंड लागला नाही वाटतं, पहिली वेळ म्हणून. सकाळी नाश्त्याला ते म्हणाले, रात्री कुणीतरी आमचं सांगितलं बघा. बाबांना काही पोटात ठेवता येत नाही. म्हणाले, आम्हीच सांगितलं, हिला दमा आहे आणि माझा पंचा जळला.

मोठी आई: मंग?

ताई: ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, काका, धूर आमचा होता, पण आम्ही थोटकं कोल्ड्रिंकच्या डब्यात विझवतो. एकदा टाकलं खाली, ते कबूल. पण तुमची बाल्कनी आमच्या बाजूला आहे, खाली नाही. मला पटलं नाही तेव्हा.

मोठेबाबा: पाह्यलं? म्हनलं होतं, आधी दार वाजवा. बिचारे खरं सांगत असतीन.

पिंट्या (बोटीवाला): वाजवलं असतं तर त्यांनी माफी मागितली असती आणि तुम्ही निवांत झोपला असता. ताई, सिक्युरिटीनं बॅटरी वर मारली म्हणालीस. वरच्या मजल्यावर गेले का?

ताई: हो. आत्ताच सांगून गेले. आमच्या बरोबर वरच्या बाल्कनीत खुर्चीखाली राख आणि पाच-सहा थोटकं सापडली. ते कोण आहेत हे आम्हाला माहीत नाही.