बाबांच्या जुन्या गाडीवर पालिकेने बेवारस म्हणून नोटीस लावलीय, काय करावं?

नाशिकची_सई:
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. माहेर लालबागला, मी नाशिकला असते. बाबांची २००३ ची मारुती ८०० चाळीबाहेर रस्त्यावरच उभी आहे, बाबा गेल्या वर्षी गेले आणि तेव्हापासून ती हललेलीच नाही, टायर बसलेत, बॅटरी मेलीय. काल शेजारच्या काकांनी फोटो पाठवला, पुढच्या काचेवर पालिकेची नोटीस, ७२ तासांत हलवा नाहीतर उचलणार. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र बाबांच्याच नावावर, इन्शुरन्स कधीच संपला. आईला एकटीला हे सगळं झेपणार नाही आणि मला निघायला उद्या रात्र होईल. दंड भरून थांबवता येतं का? ट्रॅफिक चौकीत जायचं की अजून कुठे? उचलून नेली तर परत मिळते का?

परळनाका:
ताई, पहिली गोष्ट म्हणजे ट्रॅफिक चौकीत जाऊ नका, तिथे तुमचं काम नाही. नो पार्किंगमधली गाडी उचलतात ते ट्रॅफिक पोलिस, मोटार वाहन कायद्याखाली. ही बेवारस वाहनांची कारवाई पालिकेची आहे, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातलं कलम ३१४ लावतात, त्यात रस्त्यावर पडलेली वस्तू हटवायचा अधिकार पालिकेला आहे. तुमचं वॉर्ड ऑफिस एफ दक्षिण, परळला, तिथे परिरक्षण खातं विचारा. नोटिशीचा फोटो, आरसीची कॉपी, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि आईचं आधार घेऊन कोणालातरी आजच पाठवा आणि एक साधा अर्ज द्या की गाडी बेवारस नाही, मालक वारलेत, वारस अमुक, अमुक तारखेला गाडी हलवतो. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख, ही पोच फार महत्त्वाची. मुदत वाढवून देणं त्यांच्या हातात आहे, देतीलच असं नाही, पण मालक आहे हे कागदावर तरी येतं. उचलली तर यार्डात जाते, तिथून कागद दाखवून आणि टोइंगचा खर्च, दंड भरून सोडवता येते. ३० दिवसांत कोणी गेलंच नाही तर लिलाव नाहीतर भंगार, मग काही हातात राहत नाही.

गॅरेज_मुलुंड:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. माझं गॅरेज आहे म्हणून हलवायचं मी सांगतो. लोक काय करतात, हवा भरतात, पाणी मारून धुतात आणि ढकलत चार गाड्या पुढे नेऊन ठेवतात. असं करू नका, पंधरा दिवसांनी परत नोटीस लागते. आणि जंप स्टार्ट मारून चालवत नेऊ हा विचार तर अजिबात नको, इन्शुरन्स नसताना रस्त्यावर चालवली तर पहिल्यांदा २००० रुपये दंड आणि वर्षभर उभ्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही, कोणाला लागलं तर सगळं तुमच्या अंगावर येईल. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मागवा, चाकं जॅम असली तरी विंचने ओढून वर घेतात. भाव आधी ठरवा, कुठून कुठे ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. गाडी कोणाच्या तरी खाजगी जागेत ठेवा, परत रस्त्यावर नको. आणि न्यायच्या आधी डिकी, सीटखाली, डॅशबोर्डचा कप्पा सगळं काढून घ्या, माणसांची कागदपत्रं, चाव्या, फोटो काय काय असतं त्यात, यार्डात गेल्यावर ते शोधणं कठीण.

चाळकरी:
सईताई तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण नोटीस लागते ते मला बरोबरच वाटतं, मनापासून सांगतो. आमच्या गल्लीत तीन मेलेल्या गाड्या होत्या, पावसाळ्यात आत पाणी साठून डास, डेंग्यूचे पेशंट आमच्याच मजल्यावर निघाले, आणि फायर ब्रिगेडची गाडी आत वळेल एवढी जागाच उरली नव्हती. गाड्या गेल्यावर पोरांना चालायला रस्ता मिळाला. म्हणून तुम्ही हलवताय हे चांगलंच आहे, आईला सांगा यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
ह्याच धाग्यात विचारतो, पोलिसांनी उचलली तर मग काय नियम आहे? चालू गाडी, पाच मिनिटं मेडिकलमध्ये गेलो की गायब होते.

परळनाका:
त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १२७. जिथे पार्किंगला कायद्याने बंदी आहे तिथे लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास आणि वर सोडून दिलेली गाडी उचलता येते, पण सांगणारा त्या हद्दीतला गणवेशातला पोलिस पाहिजे, टोइंगवाली पोरं मनाने उचलू शकत नाहीत. खर्च मालकाकडून घेतात. नो पार्किंगचा दंड महाराष्ट्रात पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००, टोइंग चार्ज वेगळा, त्याची पावती मागा. गाडीत माणूस बसलेला असताना उचलणं चूकच, २०१७ च्या नोव्हेंबरात मालाडला बाळाला दूध पाजणारी बाई आत असताना गाडी ओढली होती, तेव्हा त्या हवालदाराला निलंबित केलं होतं. गाडी दिसली नाही तर चोरीची तक्रार द्यायच्या आधी जवळच्या ट्रॅफिक चौकीत विचारा. आरसी, लायसन्स डिजिलॉकरमधलं चालतं.

नाशिकची_सई:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मामेभाऊ आजच वॉर्डात जाऊन आला, पोच मिळाली, रविवारपर्यंत हलवा म्हणाले. फ्लॅटबेड ठरवलीय, गाडी भांडुपला त्याच्या मित्राच्या प्लॉटवर. आता पुढचं, आरसीची मुदत बघितली तर २०२३ ला संपलीय. आईची इच्छा गाडी ठेवावी अशी आहे. ठेवायची म्हटलं तर किती पडेल?

वकिलीण_ठाणे:
सई, दोन कामं आहेत. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, नियम असा की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, तुमचं ते उलटून गेलंय म्हणून उशिराचं शुल्क लागेल, आणि बाकी वारसांची एनओसी, हरकत नसल्याचं पत्र, लागते, म्हणजे तुम्हा भावंडांचीही. एमएच ०१ असेल तर ताडदेव आरटीओ. दुसरं काम आरसीचं रिन्यूअल. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला ते शुल्क १०,००० आहे, त्यावर उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याचे ५०० रुपये, वर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, आणि गाडी तपासणीत पास व्हायला जे काम निघेल ते. तुमच्या हिशेबाने मुदत संपून दोन वर्षांच्या वर झालीत म्हणजे नुसता उशिराचा आकडाच १२,००० च्या पुढे. आईचा जीव गुंतलाय हे मला समजतं आणि चालवणारं कोणी असेल तर जरूर करा. पण नुसती प्लॉटवर उभी राहणार असेल तर माझा सल्ला स्क्रॅपचा.

गॅरेज_मुलुंड:
स्क्रॅप करणार असाल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका, तो दोन हजार जास्त देतो म्हणाला तरी. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, तिथे मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा मागतात, आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला, मिळतं, त्यावर आरसी रद्द होते आणि नवी गाडी घेताना टॅक्सात सूटही मिळते. नाहीतर चेसिस नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरतो आणि पोलिसांचा फोन तुमच्या आईला येतो. त्याआधी ई चलनच्या साइटवर गाडी नंबर टाकून जुना दंड बाकी आहे का तेवढं बघून घ्या.